बेस्ट समिती

बेस्ट समिती ही मुंबई महानगरपालिकेची वैधानिक समिती. शहराची बससेवा आणि कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा वीजपुरवठा सांभाळणाऱ्या बेस्ट उपक्रमाचा कारभार तिच्या देखरेखीखाली चालतो. ७ ऑगस्ट १९४७ रोजी पालिकेने खासगी कंपनीकडून ट्राम, बस आणि वीज ताब्यात घेतली. समितीची तरतूद १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात आहे.

समितीत १७ सदस्य असतात. १६ जणांची नेमणूक महापालिका सभागृह करते आणि स्थायी समितीचा अध्यक्ष पदसिद्ध सदस्य असतो. प्रशासन, वाहतूक, अभियांत्रिकी, उद्योग, अर्थ किंवा कामगार क्षेत्राचा अनुभव असलेली व्यक्ती नेमावी, ती नगरसेवक असलीच पाहिजे असे नाही, ही कायद्यातली अट चांगली आहे. व्यवहारात मात्र पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे जागा वाटल्या जातात आणि नाव पक्षाच्या कार्यालयातून येते. नगरसेवकपद हुकलेल्या कार्यकर्त्याची सोय लावायलाही या तरतुदीचा उपयोग होतो. अध्यक्षाची निवड समिती दरवर्षी आपल्यातूनच करते.

रोजचा गाडा हाकतो तो महाव्यवस्थापक. त्याची नेमणूक महापालिका राज्य शासनाच्या मान्यतेने करते. अलीकडे हे पद भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्याकडेच असते. उपक्रमापुरते कार्यकारी अधिकार त्याच्याकडे, धोरण आणि खर्चाची मंजुरी समितीकडे, अशी ही वाटणी.

समितीची बैठक कुलाब्याच्या बेस्ट भवनात भरते. विषयपत्रिकेवर बसखरेदी, निविदा, आगारांच्या जागेचा वापर, कर्मचाऱ्यांचे प्रश्न असे प्रस्ताव प्रशासनाच्या टिपणीसह येतात. अध्यक्ष विषय पुकारतो आणि बऱ्याचदा मूळ विषय बाजूला राहून सदस्याच्या प्रभागातला बंद झालेला बसमार्ग किंवा छप्पर नसलेला थांबा चर्चेला येतो. याला फाटे फोडणे म्हणून हिणवले जाते, पण प्रवाशाची तक्रार थेट महाव्यवस्थापकासमोर मांडली जाते ती याच वेळी. चर्चेअंती प्रस्ताव मंजूर होतो, राखून ठेवला जातो म्हणजे निर्णय लांबणीवर पडतो, फेरविचारासाठी परत जातो किंवा दप्तरी दाखल होतो, म्हणजे फेटाळला जातो. यातले ‘राखून ठेवणे’ हे सदस्यांचे सर्वांत धारदार शस्त्र आहे. फेटाळलेल्या प्रस्तावाची कारणे द्यावी लागतात, राखून ठेवलेल्याची कोणी विचारत नाही. सभात्याग आणि सभा तहकुबी ही विरोधकांची हत्यारे वेगळी.

अर्थसंकल्पाचा प्रवास लांबलचक आहे. ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या सुमारास महाव्यवस्थापक तो समितीला सादर करतो. तिथून तो स्थायी समितीत आणि मग सभागृहात जातो. किमान एक लाख रुपयांची शिल्लक दाखवावी लागते, हा त्यातला जुना दंडक. विजेचा नफा बसच्या तुटीला पुरत होता तोवर ते जमून जात असे. २००३ च्या वीज कायद्यानंतर विजेचे दर राज्य वीज नियामक आयोगाच्या हातात गेले, बसची तूट वीजग्राहकाने का भरावी असा आक्षेप आला आणि पुढे ती वसुली थांबली. त्यानंतर शिलकीचा अर्थसंकल्प ही आकड्यांची कसरत होऊन बसली आणि तुटीचे अर्थसंकल्प परतही आले.

भाडे ठरवताना तर समिती ही साखळीतली एक कडी असते, कारण शेवटचा शब्द मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाचा. २०१९ साली हे ठळकपणे दिसले. जानेवारीत कर्मचाऱ्यांचा नऊ दिवसांचा संप झाला. नंतर पालिका आयुक्तांनी आर्थिक मदत देऊ केली, पण भाडे कमी करा आणि भाडेतत्त्वावर बस घ्या अशा अटी घालून. कामगार संघटनांशी करार झाला, त्यात स्वतःच्या ३,३३७ बस कायम ठेवण्याचे कलम आले आणि ९ जुलैपासून पहिल्या पाच किलोमीटरचे भाडे पाच रुपयांवर उतरले. समितीने प्रस्ताव मंजूर केला खरा, पण अटी ठरल्या होत्या आयुक्तांच्या दालनात.

ठाणे आणि नवी मुंबईत याच धर्तीची परिवहन समिती असते व तिच्या प्रमुखाला सभापती म्हणतात. पुण्याने २००७ मध्ये वेगळी वाट धरली. तिथली बससेवा चालवणारी पीएमपीएमएल (पुणे महानगर परिवहन महामंडळ) ही कंपनी असून तिच्या संचालक मंडळात पुणे व पिंपरी-चिंचवडचे महापौर बसतात.

७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली, पालिकेवर प्रशासक आला आणि बेस्ट समितीही उरली नाही. महाव्यवस्थापक अर्थसंकल्प थेट प्रशासकाला देऊ लागला. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे पाचाचे दहा आणि वातानुकूलित बसचे सहाचे बारा रुपये झाले, तेव्हा या वाढीवर बोलायला समितीत एकही सदस्य नव्हता. पालिकेची निवडणूक त्यानंतर, १५ जानेवारी २०२६ रोजी झाली.