खांबाच्या खड्ड्यातला सुरुंग: काळ्या दारूपासून शॉक ट्यूबपर्यंत

खाणीतल्या सुरुंगाला कड्याची बाजू मोकळी मिळते, फुटलेला दगड तिकडे सरकतो. खांबाच्या खड्ड्याला तोंड एकच, तेही वर. बाकी चहूबाजूंनी कातळ आवळलेला. त्यातून खड्ड्याच्या भिंती शाबूत हव्यात, कारण खांब त्यांच्याच आधारावर उभा राहतो.

तारायंत्राचे खांब रोवायला 1840च्या दशकात सुरुवात झाली, तेव्हा हाताशी पहार, घण आणि काळी दारू होती. बिकफोर्डच्या 1831च्या सुरक्षित वातीमुळे बत्ती दिल्यावर किती वेळात लांब जायचे, याचा निदान हिशेब करता येई. काळी दारू दगड ढकलते. भिजली की निकामी होते. नोबेलने 1867 मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले आणि लहान भोकातही कातळ चिरडण्याची ताकद आली. ती ताकदच नडू लागली. खांबाच्या लांबीचा दहावा भाग अधिक 2 फूट, ही गाडण्याची जुनी रीत; म्हणजे 40 फुटी खांबाला मातीत 6 फूट. पक्क्या कातळात 4 फूट चालतात. पण जास्त माल, म्हणजे स्फोटक, भरून भिंतींना भेगा पाडल्या, की ती सवलत संपली. खांब कलतो तो इथेच.

खरी सुधारणा आली वेळेच्या नेमकेपणातून. खड्ड्याच्या जागी पाडलेल्या सुरुंगाच्या भोकांपैकी मधले रिकामे सोडायचे, त्यालगतची आधी उडवायची आणि कडेची त्यानंतर काही मिलिसेकंदांनी. म्हणजे प्रत्येक टप्प्याला आधीच्याने केलेली पोकळी मिळते. भोकाचे तोंड बारीक खडीने ठासावे. भोक पाडताना निघालेली भुकटी खडीसारखी अडकून बसत नाही, दाबाने सरळ बाहेर फेकली जाते. मग धोंडे थेट तारांवर. म्हणून वर जड जाळीही अंथरतात.

सुरुंग पेटवणाऱ्या विजेच्या टोप्यांनी हा नेमकेपणा दिला खरा, पण चालू वीजलाइनखाली त्यांच्या लांब तारांत प्रवाह उपजू शकतो आणि सुरुंग अवेळी उडू शकतो. 1970च्या दशकात स्वीडनमधून आलेली शॉक ट्यूब इथे फार मोलाची ठरली. प्लॅस्टिकच्या नळीत आतून स्फोटक भुकटीचा पातळ थर असतो. त्यातून धक्का सेकंदाला सुमारे 2000 मीटर धावतो, वीज लागतच नाही. तरी विजा कडाडू लागल्या की काम थांबवून माणसे दूर न्यावीच लागतात.

आता जिथे ऑगर, म्हणजे खड्डा पाडणारे यांत्रिक गिरमिट, चालतो तिथे सुरुंग लावत नाहीत. लावला, तर उडाल्यानंतर तळाशी उरलेल्या भोकांचे बुडखे तपासावेत. त्यांत माल शिल्लक असू शकतो. त्याच बुडख्यात पुन्हा ड्रिल कधीही घालू नये.