अभ्यास गट (मेंढा-लेखा)

आपल्याच गावाच्या प्रश्नावर माहिती मिळवायची, ती चारचौघांत मांडायची आणि निर्णयाची घाई न करता पुन्हा पुन्हा बसून बोलायचे, या पद्धतीला अभ्यास गट म्हणतात. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावामुळे हा शब्द महाराष्ट्रात ओळखीचा झाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. घोषणा सर्वदूर पोचली. तिच्यामागे किती वर्षांचे बसणे-बोलणे आहे, ते मात्र कमी जणांना माहीत असते.

१९८० च्या दशकात गोदावरी आणि इंद्रावती नद्यांवरील इचमपल्ली व भोपालपट्टणम या जंगल बुडवणाऱ्या धरणांना आदिवासींनी विरोध केला. आदिवासी नेते लालश्याम शाह, बाबा आमटे ही माणसे त्या आंदोलनात होती. धरणे थांबली. जंगल वाचवा म्हणणाऱ्यांनी पुढे ते सांभाळायचे कसे, हा प्रश्न मग गावागावांत उरला. त्याच सुमारास ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल गावांच्या शोधात फिरत होते. लोक आपले निर्णय एकमताने आणि स्वतः घेतात असे गाव त्यांना हवे होते. मेंढ्यात त्यांची गाठ देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांशी पडली. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने गावाला काय करायचे ते सांगायचे नाही, गावाने विचारले तर माहिती द्यायची, हे नाते तेव्हा ठरले आणि टिकले.

या पद्धतीचा कणा एकच आहे: चर्चेची जागा वेगळी आणि निर्णयाची जागा वेगळी. अभ्यास गटाला कोणताही निर्णय घेता येत नाही. ज्याला विषयात रस आहे त्याने यावे. गावातला असो, बाहेरचा असो, सरकारी नोकर असो. अध्यक्ष नाही, ठराव नाही, मतदान नाही. निर्णय फक्त ग्रामसभा घेते, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत जातो. यातला शहाणपणा वरवर पाहता दिसत नाही. हात वर करायची वेळ आली की माणूस बाजू धरतो, आणि एकदा बाजू धरली की ऐकणे संपते. गटात कोणाला जिंकायचे नसते, म्हणून ‘मला हे कळले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणायला माणूस कचरत नाही. बोलणे गोंडीत चालते, हेही तितकेच महत्त्वाचे. कायद्याची मराठी अनेक आदिवासी बायांना परकी. घरच्या भाषेत आल्यावर तोच कायदा त्यांच्या चुलीच्या लाकडांचा विषय होतो.

शेजारी सरकारी ग्रामसभा ठेवून पाहिली की फरक कळतो. तिला कोरम, म्हणजे ठरावीक किमान हजेरी लागते. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. सह्यांचे रजिस्टर मागाहून घरोघर फिरल्याचे ग्रामीण महाराष्ट्रात कित्येकांनी पाहिले असेल. शिवाय ती सभा ग्रामपंचायतीची, म्हणजे अनेक गावे-टोल्यांची मिळून असते. मेंढ्याने आपल्या एका गावाचीच सभा खरी मानली आणि तिच्यात प्रत्येक घरातून बाईही आली पाहिजे आणि पुरुषही, असा आग्रह धरला. दारूबंदीसारखा विषय टिकला तो या आग्रहामुळे.

अभ्यासाचे विषय गरजेतून आले. पहिला मोठा विषय निस्ताराचा. गडचिरोलीचा भाग तेव्हाच्या मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी-जमीनदारी गेली आणि जंगल सरकारकडे आले. इंधन, चराई, घरासाठी लाकूड असे गावाचे निस्तार हक्क मात्र कागदावर नोंदलेले होते. ते कागद शोधून वाचले गेले. आपण चोरी करत नाही, हे माहीत असलेला माणूस वनरक्षकासमोर वेगळ्या पद्धतीने उभा राहतो. गावाने जंगलातून लाकूड आणून गोटुल (गोंड तरुणांचे एकत्र जमण्याचे घर) बांधले, वनखात्याने ते काढून नेले, तेव्हा आसपासची गावेही गोटुल बांधायला उठली.

मधाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. आग्या मोहोळ जाळून, पिळून मध काढायची जुनी रीत. तीत माश्याही मरतात आणि पुढची पिढीही. माश्यांचा अभ्यास करताना लोकांनी पोळ्याची रचना पाहिली: मध एका बाजूला वरच्या भागात साठतो, अंडी-अळ्या उरलेल्या भागात असतात. मग फक्त मधाचा भाग कापून घ्यायचा आणि बाकीचे पोळे फांदीवर राहू द्यायचे, ही रीत आली. नियम करण्याआधी पोळे हातात घेऊन पाहिलेले होते.

वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल सांभाळण्याचा आणि वापरण्याचा साऱ्या गावाचा हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांत ते आहे. पण बांबूच्या वाहतूक परवान्यावर घोडे अडले. कायद्याने बांबू गौण वनोपजात, म्हणजे गावाला तोडून विकता येईल अशा मालात धरला होता, वनखाते परवाना द्यायला तयार नव्हते. कायद्याचे ते कलम गावाला तोंडपाठ होते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले, आणि परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली. पुढे १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाखाली २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला. यात जमिनीची मालकी गावाकडे जाते, कसण्याचा हक्क कुटुंबाकडे राहतो. स्वतःच्या सातबाऱ्याचा प्रश्न असताना सर्वसहमती होणे किती अवघड, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ती संथ आहे. मोठ्या गावात, जातींच्या उतरंडीत, जिथे सालगडी मालकासमोर तोंड उघडत नाही तिथे ‘सर्वांची संमती’ ही फक्त गप्प बसलेल्यांची शांतता असू शकते. मेंढा लहान आहे, एका जमातीचे आहे, आणि त्याला तोफांसारखा माणूस लाभला. ही अनुकूलता मान्य करूनच त्याच्याकडून शिकावे.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेथेही ग्रामसभेने बसून-बोलून स्वतःचे नियम केले, आणि बिडीसाठी विकली जाणारी तेंदूपाने तोडायचीच नाहीत असे ठरवले. चांगल्या पानांसाठी झाडे छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात, हे त्यांनी पाहिले होते. हातात येणारी मजुरी सोडण्याचा हा निर्णय होता. झाडे राहिली, आणि उन्हाळ्यात त्यांना टेंभरे, म्हणजे तेंदूची फळे लागतात.