तीन मिनिटांचा माईक: अमेरिकेत स्कूल बोर्डासमोर बोलायचा हक्क आला कुठून?

अमेरिकेतल्या स्कूल बोर्ड मीटिंगचे व्हिडिओ बघितलेच असतील, कोणाची तरी आई माईकपाशी उभी, समोर टायमर, वेळ संपली की माईक बंद आणि मग ती ओरडते की हा माझा फर्स्ट अमेंडमेंटचा (अमेरिकन घटनेतल्या बोलण्याच्या स्वातंत्र्याचा) हक्क आहे. गंमत अशी की घटनेने तिला हा हक्क अर्धाच दिलाय, आणि कुठला अर्धा ते कळायला जरा मागे जावं लागतं.

आधी एक सांगतो, स्कूल बोर्ड म्हणजे आपली शाळा व्यवस्थापन समिती नव्हे. बहुतेक ठिकाणी हे लोक निवडणूक लढवून येतात, अख्ख्या स्कूल डिस्ट्रिक्टचं (म्हणजे त्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळांचं) बजेट, त्या शाळांच्या मुख्य अधिकाऱ्याची, सुपरिंटेंडंटची नेमणूक, अभ्यासक्रम सगळं यांच्या हातात, त्यामुळे भांडायला कारणं भरपूर.

जुनी पद्धत न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांच्या) टाउन मीटिंगची, साधारण आपली ग्रामसभाच. नॉर्मन रॉकवेलचं १९४३ चं ते प्रसिद्ध चित्र आठवतंय का, चौकड्याचा शर्ट घातलेला कष्टकरी माणूस उभा राहून बोलतोय आणि शेजारी कोट-टायवाले मान वर करून ऐकतायत? ते सुचलं व्हरमाँटमधल्या एका गावसभेवरून, आणि तिथे विषय होता जळालेली शाळा परत बांधायची का! पण टाउन मीटिंगमध्ये मत देणारे गावकरीच असतात, म्हणून बोलणं ओघानेच आलं. बोर्डाचं तसं नाही, मत बोर्डाचे मेंबर देणार, बाकीचे प्रेक्षक.

प्रेक्षक म्हणून आत बसायला मिळावं यासाठीसुद्धा कायदे करावे लागले. कॅलिफोर्नियात बंद दारामागच्या मीटिंगांवर पेपरात मालिका आली आणि १९५३ साली ब्राउन अ‍ॅक्ट झाला, पण लोकांना बोलू दिलंच पाहिजे ही अट त्यात आली थेट १९८६ ला. फ्लोरिडाचा असाच खुल्या मीटिंगांचा सनशाइन कायदा १९६७ चा, तिथे बोलायचा हक्क २०१३ मध्ये! म्हणजे मधली ४६ वर्षं या, बसा, ऐका, बोलू द्यायचं की नाही ते बोर्ड ठरवणार.

कोर्टातली मुख्य केस विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनची. १९७१ मध्ये तिथे बोर्ड आणि शिक्षक युनियनच्या वाटाघाटी चालू होत्या, युनियनला मेंबर नसलेल्यांकडूनही फी हवी होती, आणि युनियनमध्ये नसलेला एक शिक्षक जाहीर मीटिंगमध्ये उठून म्हणाला की जरा थांबा, लोकांना आधी नीट समजू द्या. एवढंच. राज्याचा कामगार आयोग म्हणाला की त्याला बोलू दिलं म्हणजे युनियन सोडून दुसऱ्याशी वाटाघाटी केल्या, बोर्डाचं चुकलं. १९७६ ला सुप्रीम कोर्टाने हे उलटवलं: मीटिंग लोकांसाठी खुली केलीत ना, मग हा शिक्षक आहे किंवा अमुक विषयावर बोलतोय म्हणून त्याला गप्प करता येणार नाही.

पण १९८४ मध्ये, मिनेसोटाच्या कॉलेज प्राध्यापकांच्या केसमध्ये, त्याच कोर्टाने सांगितलं की सरकारने तुमचं ऐकून घेतलंच पाहिजे असा हक्क घटनेत नाही. झाला घोळ? घोळ नाहीये खरं तर. दार उघडायची सक्ती राज्याचा कायदा करेल तर करेल, पण उघडल्यावर कोणाची मतं आवडत नाहीत म्हणून त्याला बाहेर ठेवायचं नाही, हे मात्र घटनेचं काम. वेळेची मर्यादा, नाव नोंदवणं हे सगळं चालतं, फक्त सगळ्यांना सारखं हवं.

न्यू जर्सीत बोर्डाला प्रत्येक मीटिंगमध्ये लोकांसाठी वेळ ठेवावाच लागतो. तिथल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये (आपली देशी मंडळी भरपूर असलेला भाग) मुलीच्या बास्केटबॉल कोचबद्दल बोलणाऱ्या एका बापाला मध्येच थांबवलं गेलं, प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१० मध्ये अभिव्यक्तीच्या मुद्द्यावर बाप जिंकला.

मग २०२१, मास्क, वंशभेदाचे धडे, सगळीकडे राडा, व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत तर बोर्डाने पब्लिक कमेंटच (लोकांनी बोलायची वेळ) मध्येच बंद केली. बोर्डांचे ‘अपमानास्पद बोलू नका’, ‘नाव घेऊन बोलू नका’ असे नियमही कोर्टात टिकेनात, ओहायोच्या केसचा निकाल २०२१ चा, फ्लोरिडातल्या ब्रेव्हर्डचा २०२४ चा. ब्रेव्हर्डमध्ये एक आई पुस्तकातला उतारा वाचत होती, अध्यक्षांनी अश्लील आहे म्हणून थांबवलं, आणि ते पुस्तक होतं त्यांच्याच शाळेच्या लायब्ररीतलं.