छातीतला खड्डा जोर काढून भरत नाही

बडोद्याच्या मराठी घरांत हा सल्ला अजून ऐकू येतो: पोराच्या छातीत खड्डा आहे? जोर-बैठका काढू दे, भरून येईल! जुम्मादादा आणि प्रोफेसर माणिकराव या व्यायामगुरूंच्या गावात व्यायामावर अशी श्रद्धा असणारच. पण हा खड्डा स्नायूंचा नसतो. फासळ्यांना छातीच्या मधल्या हाडाशी जोडणाऱ्या कूर्चा वेड्यावाकड्या वाढतात आणि ते हाड आत जातं. व्यायामाने पाठ ताठ होते, दम वाढतो, खड्डा थोडा झाकलाही जातो. म्हणून तो जरूर करावा. हाड मात्र जागचं हलत नाही.

'मग ऑपरेशनच' हेही खरं नाही. एकार्ट क्लोबे या जर्मन इंजिनिअरने, स्वतःलाच हा त्रास असल्याने, व्हॅक्यूम बेल तयार केली. सिलिकॉनची वाटी छातीवर बसवून पंपाने हवा काढली की हाड वर उचललं जातं. वापर रोजचा, बहुधा वर्षभर किंवा जास्त. कोवळं वय, लवचीक छाती आणि दीड सेंटिमीटरपेक्षा कमी खोली असेल तर गुण चांगला येतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा हाडं ठिसूळ असतील तर ही बेल लावायची नाही, म्हणून आधी डॉक्टरांची तपासणी हवीच. आणि पुढे आलेल्या छातीसाठीचा पट्टा कृपया इथे बांधू नका. तो छाती आत दाबतो.