रात्री साडेनऊची गोळी

ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरच्या नाक्यावर संध्याकाळी मेडिकलसमोर उभं राहिलं, की औषधांची नावं फारशी ऐकू येत नाहीत. "ती झोपायच्या आधीची द्या." "सर्दीची, ती एलसीवाली." "बाबांची दम्याची." काउंटरवरचा पोरगा वर न बघता खण उघडतो, पट्टी काढतो, "किती देऊ?" विचारतो आणि कात्रीने चार गोळ्या कापून देतो. कापलेल्या तुकड्यावर नावाची अर्धीमुर्धी अक्षरं येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, ही ओळ आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा दुकानातच राहते.

या तिन्ही गिऱ्हाइकांच्या हातात बऱ्याचदा एकच औषध पडतं, मॉन्टेलुकास्ट. एलसीवाल्या पट्टीत त्याला लेव्होसेटिरिझिन या ॲलर्जीच्या दुसऱ्या औषधाची जोड असते, एवढाच फरक. मी ते सहा वर्षं घेतोय, जूनपासून थंडी सरेपर्यंत, रोज रात्री साडेनऊला, जेवणाची भांडी सिंकमध्ये पडली की. ती गोळी नेमकं काय करते हे विचारायची वेळ मात्र तेव्हा आली, जेव्हा एका रात्री तिने काहीच केलं नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या आधी माळा साफ केला. जुन्या गाद्या, गणपतीच्या मखराचे पुठ्ठे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे. रात्री तीनला छातीत कुईकुई सुरू झाली. पंप, म्हणजे औषध श्वासातून ओढायचा इन्हेलर, कपाटात होता, पण मुदत संपलेला. गोळी चालू असताना पंप कशाला, असा माझा हिशेब. मग मी दुसरी गोळी घेतली आणि पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून वाट बघत बसलो. पाऊण तासाने शेजाऱ्यांनी गाडी काढली. नेब्युलायझरची वाफ नाकातोंडात गेल्यावर पाचेक मिनिटांत छाती मोकळी झाली. ड्यूटीवरची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. म्हणाली, "काका, ही गोळी उद्या रात्रीसाठी असते. आत्तासाठी नाही."

ते वाक्य समजून घ्यायला १९३८ सालच्या मेलबर्नला जावं लागतं. विल्हेल्म फेल्डबर्ग आणि चार्ल्स केलवे हे दोघे तिथे नागाच्या विषावर काम करत होते. गिनीपिगच्या फुप्फुसातून त्यांनी विष खेळवलं आणि बाहेर आलेला द्रव गिनीपिगच्याच आतड्याच्या तुकड्यावर टाकून बघितला. आतडं आकसलं. त्यात नवल नव्हतं, ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या हिस्टामिन या पदार्थाने ते आकसतंच. पण हिस्टामिनने झटकन आकसतं आणि सैल होतं; हे सावकाश आकसलं आणि बराच वेळ तसंच राहिलं. त्या अनोळखी द्रव्याला 'सावकाश काम करणारा पदार्थ' अशा अर्थाचं एक लांबलचक नाव मिळालं. पुढे ॲलर्जीच्या झटक्यातही तोच पदार्थ सापडला. पण तो इतका थोडा तयार होतो आणि इतक्या लवकर मोडतो, की त्याची रचना कळायला चाळीस वर्षं गेली. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या बेंग्ट सॅम्युएलसन यांनी १९७९ मध्ये या कुळाचं बारसं केलं: ल्यूकोट्राईन. ल्यूको म्हणजे पांढऱ्या पेशींचे, ट्राईन म्हणजे रेणूत एकाआड एक आलेले तीन दुहेरी बंध. १९८२ चं नोबेल त्यांना सुने बर्गस्ट्रॉम आणि जॉन व्हेन यांच्यासोबत मिळालं, प्रोस्टाग्लँडिन (सूज आणि दुखणं वाढवणारे शरीरातले पदार्थ) आणि त्यांच्या भावकीतल्या पदार्थांवरच्या कामासाठी. मॉन्टेलुकास्टला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९८ मध्ये. नागाच्या विषापासून साठ वर्षं. नावातलं 'मॉन्ट' म्हणजे कॅनडातलं माँट्रियल, जिथल्या प्रयोगशाळेत हा रेणू घडला.

हे ल्यूकोट्राईन श्वासनलिकेत तीन उपद्व्याप करतं. नळीभोवतीचा स्नायू आवळतं, बारीक रक्तवाहिन्या झिरपू देतं म्हणून आतलं अस्तर सुजतं, आणि चिकट कफ वाढवतं. शिवाय इओसिनोफिल नावाच्या पेशींना बोलावून घेतं, म्हणजे भांडणात आणखी माणसं. श्वासनलिका आवळण्यात ते हिस्टामिनपेक्षा सुमारे हजार पटींनी जोरकस आहे.

आता गोळी. सणासुदीला एसटी स्टँडात शिरली, की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, मॉन्टेलुकास्ट म्हणजे तो रुमाल. ल्यूकोट्राईनला काही करायचं असेल तर पेशीवरच्या ठरावीक जागेवर, रिसेप्टरवर, बसावं लागतं. गोळी त्या जागा आधीच धरून ठेवते. गर्दी कमी होत नाही. माळ्यावरची धूळ नाकात जाते, पेशी चिडतात, ल्यूकोट्राईन तयार होतं, येतं आणि उभं राहतं. बसायला मिळत नाही, एवढंच.

रुमाल म्हटलं की दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, तो गर्दीच्या आधी पडायला हवा. १० मिलिग्रॅमची गोळी पोटातून रक्तात पूर्ण उतरायला तीन-चार तास लागतात. तीन वाजता दम लागल्यावर घेतलेल्या माझ्या दुसऱ्या गोळीचा रुमाल सकाळी सातला गाडीत पडणार होता. तोवर जागा भरून माणसं दारात लटकलेली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ही सोय एकाच डब्यातली आहे. श्वासनलिका आवळायला हिस्टामिन, ॲसिटिलकोलीन आणि इतर कितीतरी पदार्थ आहेत, त्यांच्या जागा वेगळ्या. ज्याच्या दम्यात ल्यूकोट्राईनचा वाटा मोठा, त्याला गोळीने नवं आयुष्य मिळाल्यासारखं वाटतं. ज्याचा वाटा लहान, तो महिनाभर खाऊन म्हणतो, काही फरक नाही. दोघेही खरं बोलत असतात.

दम्यासाठी ती संध्याकाळी घ्यायला सांगतात ते यासाठीच. दमा पहाटे बळावतो. मध्यरात्रीच्या सुमारास शरीरातलं सूज आवरणारं कॉर्टिसॉल तळाला असतं, श्वासनलिका सैल ठेवणारं ॲड्रेनॅलिनही उतरलेलं असतं, आणि चारच्या सुमारास श्वासनलिका दिवसातली सगळ्यात अरुंद होते. नाकाच्या ॲलर्जीला एवढं काटेकोर वेळापत्रक लागत नाही. आणि गोळीने झोप येते म्हणणाऱ्यांनी पट्टी नीट बघावी: मॉन्टेलुकास्ट सहसा गुंगी आणत नाही, ती एलसीची करामत. शिंका आणि खाज हा मुख्यतः हिस्टामिनचा खेळ, त्यावर एलसी चालते. नाक चोंदण्यात ल्यूकोट्राईनचा हात मोठा, तिथे मॉन्टेलुकास्ट. म्हणून ही जोडगोळी. विषाणूच्या साध्या सर्दीला मात्र तिचा फारसा उपयोग नाही, जरी कात्री सर्वांत जास्त चालते ती त्याच सर्दीसाठी.

आपल्याकडचा हंगामही समजून घ्यायला हवा. ॲलर्जीचा ऋतू म्हणजे वसंत, हे थंड देशांतलं गणित. ठाण्यात माझी वही वेगळं सांगते. फुप्फुसाचा जोर मोजायला एक स्वस्तातली नळी मिळते, पीक फ्लो मीटर. सकाळ-संध्याकाळ जोर लावून फुंकायचं, काटा कुठे गेला ते लिहायचं. एप्रिल-मेमध्ये माझे दोन्ही आकडे ४०० च्या आसपास असतात. सप्टेंबरच्या शेवटी सकाळी ३२०, संध्याकाळी ३८०. सकाळ-संध्याकाळमधली ही तफावत हीच दम्याची खूण. निरोगी माणसाचे आकडे दिवसभरात इतके हलत नाहीत.

सप्टेंबर का? चार महिने भिंतींना ओल, कपाटात कुबट वास, हवेत ऐंशी टक्क्यांच्या पुढची आर्द्रता. धुळीतला माइट नावाचा किडा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो, पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून जगतो. आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली गेली तर सुकून मरतो. ठाण्याचा पावसाळा म्हणजे त्याचं माहेरपण. पाऊस सरताना गादीत त्याची प्रजा मावत नाही आणि आपल्याला त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. किडा मेला तरी ती गादीत राहतात. भरीला भिंतीवरच्या बुरशीचे बीजाणू, आणि उपवनच्या मागे येऊरच्या उतारावरचं गवत त्याच सुमाराला फुलोऱ्यावर येतं. मग दिवाळीचे फटाके, मग थंडीतली जड हवा, जी घोडबंदर रोडची धूळ खालीच दाबून धरते.

आई भाद्रपदातल्या उन्हात गाद्या गच्चीवर टाकायची, ते विज्ञानाला धरून होतं. मात्र घरातच गादी काठीने झोडपणं, तेही दम्याच्या माणसाने, हे बरोबर उलटं. चादरी-अभ्रे आठवड्याला साठ अंशांच्या गरम पाण्यात धुतले तर माइट मरतात. साधा धुण्याचा साबण आणि थंड पाणी त्यांना आंघोळीसारखं.

गोळी कुठे निरुपयोगी हे बघायचं तर तुर्भ्याच्या एपीएमसी मसाला मार्केटमध्ये जा. लाल मिरचीची पोती उतरत असताना गाळ्यांमधून चालायला लागलं, की ॲलर्जी असो नसो, प्रत्येकाला ठसका लागतो. माझे एक व्याही तिथे हिशेबाला आहेत. त्यांना कोणीतरी ही गोळी सुचवली, त्यांनी दोन महिने खाल्ली, ठसका तसाच. मिरचीतलं कॅप्सेसिन थेट मज्जातंतूंना डिवचतं. तिथे ल्यूकोट्राईनचा मुख्य संबंधच नाही, मग रुमाल कोणत्या जागेवर टाकणार? नाकाला पंचा बांधल्यावर त्यांना जास्त आराम पडला.

आता पंप. आपल्याकडे 'गोळी चालू आहे' हे चारचौघांत सांगता येतं, 'पंप लागला' हे मुलीचं लग्न ठरेपर्यंत लपवतात. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवट, पंपात स्टेरॉइड असतं. यातलं शेवटचं खरं आहे, आणि तेच त्याचं बलस्थान. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड श्वासनलिकेची सूज मुळात कमी करतं, म्हणजे एसटीच्या भाषेत स्टँडवरची गर्दीच पांगवतं. म्हणून दम्यात मुख्य औषध श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, आणि गोळी बहुतेकांना त्याच्या जोडीला किंवा पर्याय म्हणून. एकट्या गोळीचा परिणाम सरासरीने पंपापेक्षा कमी पडतो. प्रमाण बघा. पंपातून दिवसाला २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड हे स्टेरॉइड घेणारा माणूस हजार दिवसांत मिळून २०० मिलिग्रॅम घेतो. दमा उसळल्यावर डॉक्टर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्याच गोळ्या देतात, रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस: तेही २००. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नव्हे. पण पंपाला भिऊन माणूस कशाला सामोरा जातो ते त्यातून दिसतं. मी गेलोच होतो.

निरुपद्रवी समजली जाणारी ही गोळी सगळ्यांना निरुपद्रवी नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिच्यावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला: भयाण स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार. नुसत्या नाकाच्या ॲलर्जीसाठी ती दुसऱ्या औषधांनी भागलं नाही तरच द्यावी, असंही सांगितलं. बहुतेकांना असं काही होत नाही, मलाही झालं नाही. पण नेरूळला माझा सात वर्षांचा भाचा ५ मिलिग्रॅमची चघळायची गोळी सुरू झाल्यावर रात्री दचकून रडत उठायला लागला. घरात आधी नव्या शाळेला बोल लावला, मग मोबाईलला, मग दृष्ट काढली. गोळीवर संशय यायला तीन आठवडे लागले. बहिणीने डॉक्टरांना विचारून ती थांबवली आणि चार-पाच दिवसांत पोरगा शांत झोपू लागला. एका मुलावरून सिद्ध काही होत नाही. मात्र स्वभाव बदलल्यासारखा वाटला, तर गोळी कधी सुरू केली ती तारीख कॅलेंडरवर बघावी आणि डॉक्टरांना सांगावी. कापलेल्या पट्टीवर हे लिहिलेलं नसतं.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दलही सांगितलं पाहिजे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन अशी औषधं प्रोस्टाग्लँडिनची वाट अडवतात, आणि काही दमेकऱ्यांमध्ये कच्च्या मालाचा लोंढा शेजारच्या ल्यूकोट्राईनच्या वाटेला वळतो. डोकं दुखतं म्हणून घेतलेल्या गोळीने तासाभरात धाप लागते. असं एकदा जरी झालं असेल, तर मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरांना सांगायचं.

या फेब्रुवारीत माझ्या वहीत सलग तीन आठवडे सकाळचा आकडा ३९० च्या खाली गेलेला नाही. पुढच्या शुक्रवारी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जायचंय. गोळी आता थांबवून बघू का, एवढंच विचारणार आहे. पंप चालूच आहे, नवा, मुदत बघून घेतलेला, उशाशी.