राजाचं नाव आलं म्हणजे राजाश्रय नव्हे

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला कुणासोबतही जा, तिथल्या शिलालेखाचा विषय निघाला की "सिंघण राजानं भास्कराचार्यांच्या ग्रंथांसाठी मठ चालवला" हे ऐकावं लागतंच. चाळीसगावात तर पोरंसोरंही सांगतात. देवगिरीच्या या यादव राजाचं नाव त्या लेखात आहे, एवढंच खरं.

राजाश्रय सगळ्यांना कळतो: राजानं दिलं, पंडितानं घेतलं. घोळ होतो तो राज्योल्लेखापाशी, म्हणजे लेखात राजाचं नुसतं नाव येतं तिथे. गादीवर जो राजा असेल, लिहिणाऱ्यानं त्याचं नाव, कुळी, बिरुदं घालायची, हा रिवाजच होता. काळ आणि मुलूख सांगायची ती रीत. आपण अर्जावर ठिकाण आणि तारीख टाकतो तशी, फक्त विशेषणं जास्त. ज्ञानेश्वरीच्या शेवटी रामचंद्र यादव 'यदुवंशविलासु' म्हणून येतो. त्याच्याकडून कवडी घेतल्याचा तिथे शब्द नाही. विशेषणं मोजून आश्रय ठरवणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. दान कुणाचं, ते बघा.

पाटण्याला, म्हणजे पाटणादेवीच्या या लेखात, गफलत होते, कारण दोन्ही गोष्टी एकाच दगडावर आहेत. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाचा ज्योतिषी. ती नोकरी हा आश्रय खराच, पण चांगदेवापुरता. यादवांची वंशावळ आली ती सार्वभौम म्हणून. मठाला शके ११२८ मध्ये दान दिलं ते यादवांच्या मांडलिकानं, सोइदेव निकुंभानं. त्याच्यामागून धाकटा भाऊ हेमाडीदेव आला, त्यानंही त्यात भर घातली. आणि शेवटी लेख संस्कृत सोडून चक्क मराठीत उतरतो: पाटण्यात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला दिला, वगैरे. श्लोकात राजे, हिशेब मराठीत! अख्ख्या लेखात मला हाच भाग सर्वांत आवडतो.

भाषा कुठली, हा फरक गौण. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत खानदेशचा सुलतान आदिलशाह फारुकी याचा शके १५११ चा संस्कृत लेख आहे. 'श्रीसृष्टिकर्त्रे नमः' अशी सुरुवात आणि पुढे फारुकींची वंशावळ. साचा जुनाच, गणपतीच्या जागी सृष्टिकर्ता बसवला की काम झालं. १६०१ मध्ये फारुकींचा असीरगड अकबराच्या हाती पडला आणि त्याच मशिदीत अकबराचा फारसी लेख कोरला गेला. तेवढ्यानं मशीद अकबराची होत नाही. बांधली फारुकींनीच.