मोबाइलमधला लेकराचा जबाब

मुलाच्या ताब्याच्या वादात मारहाणीचा किंवा त्याहून वाईट आरोप आला, की पुसद-अचलपूरकडेही आता वकिलाच्या टेबलावर मोबाइलमधली क्लिप येते. चुलीजवळ बसलेलं पाच-सहा वर्षांचं पोरगं, आणि कॅमेऱ्यामागून आईचा नाहीतर आजीचा आवाज: "बाबा तुले कुठी मारते? पाठीवर मारते ना?" पोरगं मान हलवतं.

मुलांच्या मुलाखती चित्रित करायची पद्धत पाश्चात्त्य देशांत १९८०च्या दशकात रुळली. लेकराला तीच गोष्ट पोलिस, डॉक्टर, कोर्ट अशी पुन्हा पुन्हा सांगावी लागू नये, हा हेतू. पण टेपने भलतंच उघडं पाडलं. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीतल्या मुलांच्या लैंगिक छळाच्या खटल्यात ज्युरींनी टेप पाहिल्या, तर उत्तरं विचारणाऱ्यांनीच मुलांच्या तोंडी घातलेली दिसली. १९९०मध्ये तो खटला एकालाही दोषी न ठरवता संपला. इंग्लंडने पिगॉट समितीच्या अहवालानंतर १९९१च्या कायद्याने टेपला सरतपासणीची, म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूच्या वकिलाला सांगायच्या पहिल्या साक्षीची, जागा दिली, उलटतपासणी मात्र ठेवली, आणि १९९२मध्ये प्रश्न कसे विचारायचे याची मार्गदर्शिका काढली. टेपची खरी कमाई मला हीच वाटते: मुलाइतकाच विचारणाराही तपासता येतो.

आपल्याकडे १८७२च्या पुरावा कायद्यानेही मुलाची साक्ष नाकारली नव्हती. प्रश्न कळून नीट उत्तर देता आलं की पुरे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४च्या 'साक्षी' निकालाने पीडित आणि आरोपी यांच्यामध्ये पडदा आणला. १४ नोव्हेंबर २०१२पासून लागू झालेल्या पोक्सोने, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याने, साध्या वेशातला पोलिस अधिकारी, शक्यतो महिला, मुलाच्या घरी पाठवला. न्यायदंडाधिकाऱ्याने जबाब मूल बोललं तसाच लिहायचा, म्हणजे वऱ्हाडीत बोललं तर वऱ्हाडीतच, आणि शक्य असेल तिथे ध्वनिचित्रमुद्रणही करायचं. एवढं करूनही त्या मुद्रणाने कोर्टातली साक्ष टळत नाही.

ताब्याच्या दाव्याची वाट वेगळी. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १४ सैल आहे: वाद मिटवायला उपयोगी वाटेल ते न्यायाधीश पाहू शकतात, पुरावा कायद्यात बसो न बसो. पण असं न्यायालय सक्तीचं आहे ते दहा लाखांवर वस्तीच्या शहरात, आणि विदर्भात तेवढं एकटं नागपूर. इतरत्र ते सरकारच्या मर्जीवर. जिथे नाही तिथे पालकत्वाचा अर्ज जिल्हा न्यायालयात जातो आणि पुराव्याचे नेहमीचे नियम लागतात.

मग मामाला व्हॉट्सअॅप केलेली, मामाने वकिलाला पाठवलेली क्लिप अडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या खोतकर निकालाने (वाद जालन्याच्या निवडणुकीचा!) अशा प्रतीला, ती कोणत्या यंत्रातून कशी काढली हे सांगणारं, प्रमाणपत्र सक्तीचं केलं, मूळ फोन घेऊन त्याचा मालक स्वतः साक्षीला उभा राहिला तर मात्र त्याची गरज नाही. १ जुलै २०२४पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या साक्ष अधिनियमातल्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडी ठसा) आणि तज्ज्ञाची सहीही लागते. तालुक्याच्या पक्षकाराला तज्ज्ञ शोधण्यापेक्षा जुना फोन न विकता ठेवणं स्वस्त पडतं.